खापरखेड्याची खरवड

नोकरी नाकारायला पत्र पुरलं असतं. पण आत्याला समोर बसून सांगायचं होतं, म्हणून मी पुण्याहून नागपूरला निघाले. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात, बॉयलरचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी निवड झाली होती. आत्या तिथेच, कामगार वसाहतीला लागून एकटी राहते. तिने माझ्यासाठी पलीकडची खोली सारवूनही ठेवली होती.

रंग चुकवायचा म्हणून धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी पोचले. नागपूरच्या स्टँडवरून खापरखेड्याची सकाळची एस.टी. धरावी, नंतर ऊन सोसवत नाही. कोराडी मागे पडली की खिडकी लावून घ्या, कोळशाची पूड डोळ्यांत जाते. नागपुरात बर्डीच्या बाजारात संत्री घ्याल तर एक फोडून चाखा, मगच भाव करा.

"काहून वं, काल नाही आली? रंगाले भ्यायली?" आत्याने दारातच विचारलं. धुळवडीला इकडे घरोघरी कोंबडं शिजतं. माझ्या वाट्याची तंगडी तिने राखून ठेवली होती, रस्सा रात्री आणि पहाटे उकळून.

शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "तुमची पुण्याची भाची शिळं खाईन का वं?"

"थर्मामीटर लावून खाईन," आत्या म्हणाली.

मुरलेल्या रश्श्याचा भात शिळा वाटत नाही. आधी फोडी काढून ठेवायच्या. तेलात कांदा, मग धुतलेला चिन्नोर तांदूळ परतायचा. रश्श्यात गरम पाणी घालून तो ओतायचा, अर्ध्यावर फोडी पेरायच्या आणि गंजावरच्या, म्हणजे पातेल्यावरच्या, झाकणात निखारे ठेवायचे. तळाला खरवड धरते: मसाला, तेल आणि करपायच्या बेतात आलेला भात. त्या घरात पाहुण्याला वरचा भात आणि तंगडी मिळते. खरवड घरच्यांची. लहानपणी मी तिच्यासाठी भांडायचे आणि दरवेळी मलाच मिळायची.

निखारे ठेवून झाल्यावर मी सांगितलं, "आत्या, मी पुण्याची नोकरी धरली."

तिने चिमटा खाली ठेवला. "पक्की?"

"पक्की."

"बरं केलं. मोठं शहर हाय. इथं काय, राखच उडून राहिली."

मग तिने झाकण काढलं. वरचा मोकळा भात माझ्या ताटात वाढला, त्यावर तंगडी ठेवली, लिंबू पिळलं. खरवड उलथण्याने खरडून स्वतःच्या ताटात घेतली.

"मला नाही?" मी विचारलं.

"तू जेव. तंगडी तुयासाठीच होती."

भात उत्तम झाला होता.

परतीच्या गाडीत जागा सहज मिळाली. पुण्यात आल्यावर मी तो भात करून पाहिला. कोंबडी मुद्दाम आदल्या दिवशी शिजवली. खरवड छान धरली, रंगही बरोबर आला. सगळी मीच खाल्ली. पण ती आपली आपण वाढून घेण्यासारखी गोष्ट नाही.