पत्र्याच्या पन्हळीतला सूर्य

विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून जाणं ही विज्ञानाच्या मास्तराला होणारी सक्तमजुरीची शिक्षा आहे. मी ती आठ वर्षं भोगली. दर वर्षी कोल्हापुरातल्या त्याच शाळेत तोच खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, तोच बोलणारा कचऱ्याचा डबा, आणि कुणाच्या तरी बापाने दुकानातून तयार आणलेला, दिव्यांची माळ लावलेला थर्माकोलचा पूल. पोरं पाठ केलेलं म्हणतात, परीक्षक माना डोलावतात. माना डोलावण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

गेल्या वर्षी राधानगरीकडची एक दहावीतली मुलगी पत्र्याची पन्हळ घेऊन आली. पन्हळीतून पाणी वाहत होतं आणि वरच्या टोकाला ती कुंकवाचं पाणी सोडत होती. वडील बादली धरून उभे होते. राज्याला निवड झाली तर कोल्हापुरात सायन्सला, नाहीतर गावातच आर्ट्स, असं घरात ठरलंय, हे तिने कोणी न विचारताच सांगून टाकलं.

"सूर्यावर स्फोट झाला की त्यातनं सुटल्याला ढग जसाच्या तसा येत न्हाय, सर," ती म्हणाली. "धरणाची दारं उघडली की पाणी कोल्हापुरात तसंच पोचतंय व्हय? वाटेत पसरतंय, पुढं नदी संथ असली की तुंबतंय, मागनं दुसरं आलं की दोन्ही एक हुतंय. ढगाचंबी तसंच. फुगतोय, लई जोरात असला तर मंदावतोय, मागचा पुढच्याला गाठतोय. त्याच्यातलं चुंबक कुठल्या बाजूला वळलंय त्यावर पृथ्वीला किती मार बसणार ते ठरतंय. सुटताना बघून ते कळत न्हाय."

आठ वर्षांत पहिल्यांदा मी कान देऊन ऐकलं. पोरीचं बरोबर होतं.

मुख्य परीक्षक कुठल्याशा शाळेचे मुख्याध्यापक होते. पुस्तकाबाहेरही जग असतं, ही शंका त्यांना जन्मात आली नसावी. "धडा कितवा?" त्यांनी विचारलं. धड्यात नाही, असं ती म्हणाली. "मग सूर्यावर जाऊन आलीस काय?" ते हसले, म्हणून बाकीचे हसले. त्यांत मीही होतो. त्या माणसाला दोन वाक्यांत गप्प करता आलं असतं. पण शेजारच्या वर्गात ताटं वाढली होती, वाद घातला असता तर अर्धा तास मोडला असता, आणि मला भूक लागली होती. याहून भारदस्त कारण मी नंतर पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

थर्माकोलचा पूल राज्याला गेला.

जेवून बाहेर आलो तेव्हा मुलगी बादली रिकामी करायला गेली होती आणि वडील पन्हळ पुसत होते. "सर, पोरीचं बरोबर हुतं का चुकलं, तेवढंच सांगा," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत न्हाय. तुम्ही हसलासा, म्हणून इचारतोय."

एक शब्द पुरला असता. पण बरोबर म्हटलं, की मग हसलात का, हे ओघानं आलंच. मी ठेवणीतला मास्तरी आवाज काढला. "कष्ट चांगले घेतलेत हो पोरीनं."

त्यांनी पन्हळ खांद्यावर घेतली.

"मग गावातलंच कॉलेज बरं," ते म्हणाले. "कष्ट तर ती घरातबी करतीया की."