खाटेला सूट नाही

निपाणीत त्या पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली आणि त्याच आठवड्यात आमच्या एका तंबाखू व्यापाऱ्याला दयेचा झटका आला. सरकारी दवाखाना भरून वाहायला लागला, म्हणून शाळेचे तीन वर्ग रिकामे करून तिथं सलाईन लावत होते. या गृहस्थानं बेळगावहून वीस लोखंडी खाटा आणून दिल्या. द्यायच्या तर गप द्याव्यात की न्हाय? पहिल्या खाटेला झेंडूचा हार घातला, फोटोवाला बोलावला, वर पेढे वाटले. गावाला जुलाब लागलेत आणि हा पेढे वाटतोय!

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. मी इन्कमटॅक्सच्या एका वकिलांकडं कारकून होतो. आई याच व्यापाऱ्याच्या वखारीत तंबाखू निवडायची. आमच्या गल्लीतला पहिला बी.कॉम. मी, त्यामुळं नाक कायम वर.

पुढच्याच दिवशी आईला उलट्या-जुलाब सुरू झाले. हातगाड्यावर घालून शाळेत नेलं. खिडकीजवळची खाट मिळाली, सलाईन लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा गेलेला आवाज परत आला. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवस हिला अजिबात हलवायचं नाही." थोरल्या बहिणीला, आक्काला, तिच्याजवळ बसवून मी ऑफिसात गेलो.

तिथं हा गृहस्थ पाय पसरून बसलेला. वकीलसाहेब बेळगावला गेलते. खिशातनं खाटांचं बिल काढून माझ्यापुढं टाकत म्हणाला, "दानधर्म झालाय. टॅक्स किती वाचतोय तेवढं सांगा."

आईच्या उशाशी ह्याच्या नावाची पाटी बघून आलतो. लई चीड होती मला त्याची. त्याचं तोंड उतरलेलं बघायची आयती संधी चालून आलती, ती मी कसली सोडतोय! कायद्याचं पुस्तक उघडून बरोबर ओळीवर बोट ठेवलं.

"शेठ, वस्तूला सूट नाही. रोख न्हायतर चेक, तेही मान्यता असलेल्या संस्थेला. खाटा दिल्या त्या फुकट गेल्या."

"म्हंजे आमचं दान हे दानच न्हाय?"

"कायद्यानं न्हाय."

तोंड उतरलं त्याचं. मी दिवसभर छाती फुगवून बसलो. चहावाल्यालासुद्धा तो किस्सा रंगवून सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो तर दारात ट्रक. वखारीचे हमाल एकेक खाट बाहेर काढत होते आणि दारात आडवी उभी राहिलेली सिस्टर कानडीतनं ओरडत होती, "याक री? याक?" का, हे तिला कोण सांगणार! मुकादम खाली मान घालून म्हणाला, "मालकानं सांगितलंय. दुकानदार आठ दिवसांत माल माघारी घेतोय."

आई खाली फरशीवर होती. फिनेलचं पाणी आणि माणसांची घाण यातनं तिची वाकळ भिजलेली. सुई निसटून हात सुजलेला. आक्का सलाईनची बाटली हातात धरून रडत होती. आईनं डोळे उघडले.

"कुठल्या शाण्यानं त्याला ही अक्कल दिली रं?"

"मला काय ठावं, आई."

असं म्हणालो. डोळ्याची पापणीसुद्धा लवली न्हाय माझी.

तिचा आवाज परत गेला. दोन दिवस ती वाचती का मरती ते डॉक्टरलाही सांगता येईना. वाचली बिचारी, आपल्या जिवट हाडानं. खाटांचे पैसे व्यापाऱ्यानं चेकनं आपल्याच बापाच्या नावाच्या ट्रस्टला दिले. अध्यक्ष तोच. त्या ट्रस्टनं साथीसाठी फुटकी बाटली दिली न्हाय, रस्त्यावर कमान तेवढी बांधली. सूट मिळाली. अर्ज मीच टाईप केला, एक चूक न करता. तो हलकट होताच. पण त्याला हलकटपणाची वाट कुणी दाखवली?

आई पुढं अकरा वर्षं जगली. बाजारातनं येताना त्या कमानीखाली थांबून कडाकडा बोटं मोडायची. "मालकाचं काय घेऊन बसलाय, त्यो पैशाचाच किडा. पर ज्यानं त्याला शिकवलं त्याचं तळपट हुईल."

पिशवी धरून मी शेजारी उभा असायचो. घरी आल्यावर ती चूल पेटवायची आणि पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायची.