काळा घेवडा आणि बोरचं पाणी

माझं माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला, आणि सासर जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकला. सकाळी एसटीत बसलं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं. पण दोन्हीकडच्या पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मला कळला लग्नानंतर पहिल्यांदा घेवडा शिजत घातला तेव्हा.

आमच्याकडचा काळा घेवडा. आई तो भातखाचराच्या वरच्या वरकस, उताराच्या जमिनीत लावते, बियाणं राखेत घोळवून मडक्यात ठेवते आणि दर वर्षी एक पिशवी मला पाठवते. यापेक्षा चवदार घेवडा जगात नाही, असं माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशी चर्चा करत नाही. माहेरी तो चुलीवर ठेवला की अंगण झाडून, गुरांचं आवरून येईपर्यंत मऊ झालेला असतो. सासरी मात्र कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी साल चामट ती चामटच. सोडा घातला तर त्याचं पिठलं झालं, वर सोड्याची चव. सासूबाईंनी एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाल्या, डोंगरात दगडांसंगं वाढलेला घेवडा, म्हशीला घाल. मला इतका राग आला की पातेलं खरंच म्हशीपुढे नेऊन ठेवलं. म्हशीनंही तोंड फिरवलं.

आमचं लग्न आमच्या पसंतीचं. मंचरला कॉलेजात ओळख झाली, दोन्ही घरांनी नाइलाजानं अक्षता टाकल्या. त्यामुळे घेवड्याला नाव ठेवलं की ते माझ्या आईला ठेवलंय, असंच मला वाटायचं.

दोष पाण्यात असणार, एवढा अंदाज होता. माहेरी पावसाळ्यात पाणी गढूळ येतं, तेव्हा आई हंड्यात तुरटी फिरवते. गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं. म्हणून मी सासरच्या दारातल्या बोरवेलच्या पाण्यातही तुरटी फिरवली. सासूबाई हसून लोटपोट. काचेसारख्या पाण्याला तुरटी लावणारी सून त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती, आणि ही गोष्ट त्यांनी पुढे वर्षभर सगळ्या आळीला सांगितली.

त्यांचं हसणं बरोबर होतं. आम्हा डोंगरातल्यांना वाटतं, नितळ पाणी म्हणजे चांगलं पाणी. पण तुरटीनं गाळ बसतो, विरघळलेला क्षार बसत नाही. शाळेच्या पुस्तकात साबणाला फेस येऊ न देणारं दुष्फेन पाणी आणि फेस येऊ देणारं सुफेन पाणी असा धडा होता. मी तो परीक्षेपुरता पाठ केला होता. आता गिझरच्या कॉइलवरची खपली आणि हंड्याच्या तळाचा पांढरा थर बघून तो पुन्हा आठवायला लागला. बोरचं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. कॅल्शियम दाण्याची साल घट्ट धरून ठेवतं, मग घेवडा कितीही उकळा.

तेवढ्यात एका उन्हाळ्यात बोरची मोटार जळाली. नदीला धरणाचं पाणी सुटलेलं होतं, म्हणून आम्ही नदीकाठच्या जुन्या विहिरीवरून पाणी आणलं. त्या पाण्यात घेवडा असा शिजला की मी झाकण काढून बघतच राहिले.

मोटार दुरुस्त झाल्यावर मी दोन बाटल्या घेतल्या, एकीत बोरचं पाणी आणि दुसरीत विहिरीचं. दोन्हींत कपड्याच्या साबणाचा सारखाच कीस टाकला आणि सासूबाईंसमोर हलवल्या. विहिरीच्या बाटलीत गळ्यापर्यंत फेस आला. बोरच्या बाटलीत फाटलेल्या दुधासारखा चोथा. मी मोठ्या ऐटीत धडा समजावून सांगितला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला.

"त्या विहिरीचं पाणी वढून माझा जलम गेलाय," त्या म्हणाल्या. "हांड्यानं डोक्याचं केस गेलं. मामंजींनी हे बोर पाडलं तवा मी सुटले. माझ्या बोरला नाव ठिवू नको."

धडा माझा खरा होता आणि त्यांचंही खरं होतं. गावात फिल्टरचं पाणी जारमध्ये मिळतं, पण दारात बोर असताना विकतचं पाणी उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत त्या. मलाही ते जारचं पाणी नकोच होतं.

पुढच्या उन्हाळ्यात नणंदेचा साखरपुडा ठरला. त्याला माझी आई येणार होती, लग्नानंतर पहिल्यांदा. तिनं फोनवर सांगितलं, घेवडा घेऊन येते, पावण्यांना आमटी करू. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं की घेवडा खुशाल आणू दे, पण त्या दिवशी चुलीवर चढवायचा नाही, पावण्यांपुढं हसं नको. मी म्हटलं, चढवणार. नाही शिजला तर पुन्हा या घरात घेवड्याचं नाव काढणार नाही.

बोलून बसले खरी, पण नदी तळाला गेली होती. अशा वेळी विहिरीतही खालच्या झऱ्यांचं जड, क्षारांचं पाणीच उरतं. मी रोज संध्याकाळी बंधाऱ्यावर जाऊन बघायची. नवरा म्हणायचा, कालव्याच्या साहेबांना सांगू का, आमच्या बायकोचा घेवडा अडलाय म्हणून? साखरपुड्याच्या आधीच्या आठवड्यात पाणी सुटलं. वाळूतून झिरपून विहीर चढली. मी बाटलीत साबण हलवून बघितला, फेस आला.

पाणी गढूळ होतं. मी हंड्यात तुरटी फिरवली. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या, पण या वेळी हसल्या नाहीत.

आई आदल्या दिवशीच आली आणि तिनंच घेवडा भिजत घातला. सकाळी चुलीवर ठेवला, वर कांदा-खोबऱ्याचं वाटण. मी चार पाहुणे बघायचे सोडून पातेल्याभोवती घिरट्या घालत होते. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिच्या लेखी घेवडा शिजतोच. आणि शिजला. बोटांत धरला तर दाणा नुसत्या दाबानं फुटला. पाहुण्यांनी आमटी मागून मागून खाल्ली.

पंगती उठल्यावर आम्ही बायका जेवायला बसलो. सासूबाई पहिला घास घेऊन थांबल्या. मग आईला म्हणाल्या, घेवडा लई ग्वाड हाये, पण आमच्या बोरला न्हाई शिजत, ह्यो विहिरीच्या पाण्यात शिजलाय. त्यांच्या तोंडून बोरबद्दल एवढं निघालं, यातच सगळं आलं.

आईनं विचारलं, विहिरीला उन्हाळ्यात एवढं पाणी कुठून? मी सांगितलं, नदीचं. नदीला येडगावच्या धरणातून सुटतं, आणि त्या धरणात डिंभ्याचं पाणी कालव्यानं येतं.

आईचा हात ताटात थांबला. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्याखाली आमचं सगळ्यात मोठं खाचर आहे. माझ्या जन्माआधी बुडालं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा बांध दिसतो, आणि आई दर वर्षी एकदा तो लांबून बघून येते. ते पाणी पुढे कुठं जातं, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं.

तिनं तांब्यातलं पाणी एक घोट प्यायलं.

"मंग घरचंच की," ती म्हणाली. "शिजंल न्हाई तर काय."

सासूबाई उठल्या, कळशी घेतली, आणि ज्या विहिरीचं तोंड बघायचं नाही म्हणायच्या, तिच्याकडे स्वतः निघाल्या. मी मागे धावले तर मला हातानं थांबवलं. आई परत निघाली तेव्हा एसटीत तिच्या मांडीवर सासूबाईंनी भरून आणलेली ती कळशी होती.