झेंड्याचं दुसरं टोक

फोन आला तेव्हा मी सांगलीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. धाकट्या दिराचा, बाळूचा आवाज. "वैनी, आय गेली," एवढंच म्हणाला आणि मग नुसता वारा ऐकू येत राहिला. रानातूनच बोलत असावा. मी डबा झाकला. शेजारच्या बाईंनी कोण गेलं म्हणून विचारलं, मी सासू म्हटलं, आणि त्या बिचाऱ्या गोंधळल्या. माझ्या सासूबाई आदल्याच दिवशी माझा विसरलेला चष्मा द्यायला शाळेच्या फाटकापर्यंत आल्या होत्या, चांगल्या ठणठणीत. मग ही आधीची, असं सांगावं लागलं. आधीची सासू... मराठीत नवऱ्याच्या मामेबहिणीच्या दिराशीसुद्धा काहीतरी नातं निघतं, पण याला शब्द नाही. आमच्याकडे सासूला म्हणतात तसं मी तिला आत्या म्हणायचे, आणि शेवटपर्यंत म्हणत राहिले.

साताऱ्याकडच्या त्या गावात मी गेले ती विलासची बायको म्हणून. गावात घरटी एक माणूस फौजेत. पोरगं दहावीला बसलं की आधी छातीचं माप विचारतात, मार्क मागाहून. विलास सुट्टीवर आला की आत्या त्याच्या ताटाजवळून हलायची नाही, आणि मी दाराआडून जळफळायचे, कारण माझ्या वाट्याला तो उरायचाच नाही. असं आम्हा दोघींचं फारसं सख्य नव्हतं. लग्नाची नवी नवलाई सरायच्या आत वर सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळला आणि विलास पेटीतून आला. तो दिवस मला तुटक तुटक आठवतो, पहाटेचं स्वप्न आठवावं तसा. ट्रकच्या मागे चालणारी शाळेची मुलं, अंगणात न मावणारी माणसं, पेटीवर तिरंगा आणि त्यावर झेंडूचे इतके हार की झेंड्याचा केशरी कुठला आणि फुलांचा कुठला, कळेना. मग गावाबाहेरच्या माळावर जवानांनी झेंडा काढला, घडी घातली आणि त्यांच्या साहेबांनी ती माझ्या हातांवर ठेवली. हातांना वजनच लागलं नाही.

घरी आलो तर थोरले तात्या, म्हणजे माझे चुलत सासरे, सोप्याच्या पायरीवर उभे. प्रेतावरचं वस्त्र सुतकात घरात नेत नाहीत, तेरावा होईस्तोवर झेंडा गोठ्यात टांगून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता, रीतीला भिणारा होता. झेंडा गोठ्यात, म्हशीशेजारी... आत्या सकाळपासून एक अक्षर बोलली नव्हती. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आवं तात्या, पेटी अंगणातनंच गेली. त्यो उंबऱ्याच्या आत आलाच न्हाई. ह्यो तरी येऊ द्या."

तात्या बाजूला सरले. आम्ही दोघी आत गेलो.

आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घरातलं झाडून सगळं बाहेर येतं; भांडी, डबे, वाकळा, घोंगडी धुऊन-वाळवून परत जागेवर जातात. त्या पहिल्या दसऱ्याला बघते तो वाकळांच्या ढिगाशेजारी आत्या झेंडा उलगडून बसलेली. पांढऱ्या पट्ट्यावर ओल्या झेंडूचा पिवळट डाग राहिला होता, तो तिला रिठ्याच्या पाण्यानं काढायचा होता. मी झडप घालून तो ओढून घेतला. धुतला तर विलासचा वास जाईल, असं काहीबाही ओरडले. आत्या म्हणाली, "पेटीचा वास हाय त्यो पोरी. इलासचा न्हवं." आणि मग गुडघ्यात तोंड घालून रडली. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा रडताना बघत होते.

डाग तसाच राहिला. झेंडा आम्ही सोप्यातल्या बाजेवर पसरला, ऊन लागणार नाही असा, वारा मात्र लागेल असा. बाजेच्या सुतळीतून खालून वारा यायचा आणि तिरंगा मधूनच हलके फुगून पुन्हा खाली बसायचा, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा. आम्ही दोन बाजूंना बसून होतो. डोळे जड होत होते, बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज जवळ यायचा, लांब जायचा. आत्या अर्धवट झोपेत उसाच्या तोडीबद्दल काहीतरी सांगत होती. मला की त्याला, कळलं नाही.

उन्हं कलल्यावर घडी घालायची वेळ आली आणि आमची फजिती झाली. जवानांनी काय केलं होतं ते दोघींनीही पाहिलं होतं, पण दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं, तेव्हा दिसणार काय कपाळ! एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. कधी हिरवा वर यायचा, कधी चक्र आतच गडप व्हायचं. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली जातो, मग चक्र वर राहतं, हे उमगेपर्यंत तिन्हीसांज झाली. शेवटच्या घडीला दोघी चालत एकमेकींपाशी आलो, तिचे खरबरीत हात माझ्या हातांना लागले, आणि ती एकाएकी हसायला लागली. "इलास काय म्हनत आसंल... दोन बायकांस्नी मिळून एक घडी जमंना." मीही हसले. त्या घरात मी हसू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं काही वर्षांनी आत्यानंच माझ्या भावाला निरोप धाडला, पोरीचं बघा म्हणून. सांगलीत हळदीच्या पेढीवर काम करणाऱ्यांचं स्थळ आलं, चांगलं होतं, जमलं. निघायच्या आदल्या दिवशी मी झेंडा ठेवलेल्या ट्रंकेपाशी गेले. झेंडा माझ्या हातात दिला होता, तो माझ्याबरोबर येणार असं मी धरूनच चालले होते. आत्या ट्रंकेवर बसली होती. "झेंडा हितं ऱ्हाईल," म्हणाली. मी कारण विचारलं, तिनं सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं... लेकाचं लेकाच्या घरी ठेवून घेतलं आणि मला मोकळ्या हातानं वाटेला लावलं. सांगलीपर्यंतच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि नव्या नवऱ्याला वाटलं मला गाडी लागलीय. त्यानं आवळासुपारी पुढं केली.

त्या वर्षी दसऱ्याआधी फोन. "कवा येतीयास? घडी घालायचीय." मी फणकाऱ्यानं म्हटलं, धाकटी सून आहे की घरात. "तिला जमत न्हाई," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. मी गेले. पुढच्या वर्षीही गेले, मग जातच राहिले. पोटुशी असताना गेले, लेकराला काखेत घेऊन गेले. धाकटी जाऊ सुनंदा घरातल्या ढीगभर वाकळा एकटी घड्या करून रचायची, पण झेंडा म्हटलं की तिला जमत न्हाई. सांगलीच्या सासूबाई जाताना पुरणपोळ्या बांधून द्यायच्या, "तुझ्या आत्याला" म्हणून. दुपारभर बाजेशेजारी बसायचं, पेंगायचं, उन्हं कलली की उठून आपापलं टोक धरायचं. मध्ये किती दसरे गेले ते मला वेगळे काढता येत नाहीत. सगळी मिळून एकच लांबलचक दुपार आहे.

गेल्या दसऱ्याला आत्याला घडी घालताना मध्येच बाजेवर टेकावं लागलं. घडी झाली आणि मी पुन्हा विचारलं, तो तेव्हा मला का नाही दिला. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मास्तरीण असून मला पाढे येत नाहीत.

"दिला आसता तर तू हितं कशाला आली आसतीस?"

ती आत चहा टाकायला गेली.

आता ती नाही. दिवसकार्य झालं, आणि यंदा घरात घट नसले तरी सुनंदानं दसरा काढला, मी गेले. बाळूनं झेंडा नव्या कोऱ्या पिशवीत घालून ठेवला होता. "वैनी, ह्यो आता तुमी न्या. सायबांनी तुमच्याच हातात दिलाय," म्हणाला. मनापासून म्हणाला. मी पिशवी मांडीवर घेऊन सोप्यात बसून राहिले. ज्याच्यासाठी एके काळी मी एसटीत तोंड फिरवून बसले होते ते मांडीवर होतं, आणि मला भीती वाटत होती. हे घेऊन मी फाटकाबाहेर पडले की या गावात माझं कोण?

झेंडा काढून बाजेवर पसरला. उन्हं कलल्यावर सुनंदाला दुसरं टोक धरायला सांगितलं. ती पदराला हात पुसत राहिली. "आत्यांनी मला कवा धरू दिला न्हाई," म्हणाली. मग तिनं धरलं. घडी अशी सफाईनं घातली की चक्र बरोबर मधोमध. इतकी वर्षं लांबून बघत होती, सगळं येत होतं तिला. मी घडी ट्रंकेत ठेवली. बाळू दारातून म्हणाला, "म्हंजे तुमी न्हेत न्हाई?"

"इथंच राहू दे," मी म्हटलं. "म्हणजे मला यायला लागेल."

सुनंदानं ट्रंकेची कडी लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "फुडल्या दसऱ्याला म्या फोन करीन. तवा शाळा हाय म्हनून सांगायचं न्हाई."