उसना हुंदका

स्टुडिओत तिला पाठीमागे हुंदकाबाई म्हणत. पाठीमागे म्हणजे काचेच्या पलीकडे, माईकचं बटण चालू ठेवून. त्यामुळे तिला ते स्वच्छ ऐकू येई. मोबाइलवर ऐकायच्या कथा वाचणं हे तिचं काम. कथेत बाई आली की ती सोसणार, हे ठरलेलं. नवऱ्याची वाट पाहणार, मुलांसाठी झिजणार, जरा नटली की कुणाचंतरी घर मोडणार आणि शेवटी खिडकीशी उभी राहून डोळे टिपणार. कथेतल्या पुरुषांना निदान भूक तरी लागायची. या बाया नुसत्या वाढायच्या. ‘तिचे डोळे पाणावले’ हे वाचून वाचून तिच्या जिभेला घट्टे पडले होते.

आणि मग ती कथा हातात आली. नवरा गेलेली बाई. भेटायला आलेली माणसं परततात, ती दार लावते, पंखा मोठा करते आणि पलंगाच्या मधोमध आडवी होते. शेवटचं वाक्य होतं, ‘तिला गाढ झोप लागली.’ बस, एवढंच! घरी सराव करताना तिच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत अशी एकही बाई तिच्या वाट्याला आली नव्हती. काही झालं तरी हिला हुंदक्याशिवाय लोकांपुढे जाऊ द्यायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

दिग्दर्शकानं अर्थातच रेकॉर्डिंग थांबवलं.

“ताई, शेवटी एक हुंदका हवा. दबका.”

“कुठे लिहिलाय?”

“लिहायला कशाला हवा? नवरा गेलाय हो! बाई इतकी कोरडी कशी राहील?”

“अहो, ती झोपलीय. झोपेत रडू?”

“झोपायच्या आधी रडा.”

तिनं वाक्य पुन्हा वाचलं, तसंच, सरळ. त्यानं परत वाचायला लावलं. तिनं परत तसंच वाचलं. शेवटी तो म्हणाला, “बरं, तुमचंच खरं.” तो इतका गोड बोलला, तिथेच तिला शंका यायला हवी होती. पण ती जिंकल्याच्या तोऱ्यात घरी गेली.

कथा ऐकायला उपलब्ध झाली त्या दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या, मोबाइल डब्याला टेकवून. सुनेची एकही कथा त्या सोडत नसत. ती शेजारी बसली. दार लागलं, पंखा फिरला, आणि मग आला एक हुंदका. दबका, शेवटी किंचित अडखळलेला.

आवाज तिचाच होता. कामाला लागली तेव्हा तिनं असे ढीगभर हुंदके देऊन ठेवले होते आणि रेकॉर्डिंगवाला म्हणाला होता, “साठवून ठेवतो, कामाला येतील.” हा नवऱ्याच्या पाया पडून माफी मागणाऱ्या कुठल्यातरी बायकोचा होता. तो उचलून त्यांनी इथे चिकटवला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय रडलीस गं!” सासूबाई डोळे पुसत होत्या.

“आई, मी रडलेच नाही. त्यांनी माझा जुना हुंदका चिकटवलाय. ती बाई नुसती झोपते.” आणि तिनं ते वाक्य म्हणून दाखवलं, साधं, कोरडं.

सासूबाईंचे हात थांबले.

“हे गेले ना,” त्या हळूच म्हणाल्या, “तेव्हा सगळे पांगल्यावर मीही अशीच झोपले होते. ढाराढूर.”

“मग?”

“मग काय? सकाळी तुम्ही उठायच्या आत डोळे चोळून चोळून लाल केले.”

त्यांचा हात धरावा असं तिला फार वाटलं.

“पण असलं कुणी कथेत सांगतं का? बाई रडली की कशी बरी वाटते.” सासूबाईंनी पदराला बोट पुसलं, कथा थोडी मागे नेली आणि तो हुंदका पुन्हा लावला.