कोरडे तांदूळ

पुरानी बस्तीतल्या त्या गल्लीत मंदाकिनी घाटोळेशी भांडायची कोणाची छाती नव्हती. भाजीवाला तिच्या दारासमोर भाव आपणहून उतरवायचा. वर्ध्याहून लग्न होऊन ती रायपूरला आली. रेल्वेतला नवरा वारला, तरी घराच्या चाव्या तिच्याच कमरेला राहिल्या. धाकटा दीर कृष्णा वहिनीसमोर मान वर करत नसे. धाकटी जाऊ पद्मिनी करायची, पण मनातल्या मनात.

आणि अशा तोंडाळ बाईचं तोंडच वाळलं, बाप्पा!

आधी पोळी घशात अडकायला लागली. मग बोलता बोलता जीभ टाळूला चिकटायची आणि चांगली रंगात आलेली शिवी अर्ध्यातच तुटायची. आता अर्ध्या शिवीला कोण भितो? समोरचा फिदीफिदी हसायचा. लग्नाच्या पंगतीत तिला घासागणिक घोटभर पाणी लागे, तर बाया म्हणत, बाई जेवते का पोहते? दाढा एकेक करून खडूसारख्या ढासळल्या. तिखट लागलं की जीभ सोलून निघाल्यागत व्हायची. डोळेही तसेच, वाळूनं भरल्यासारखे. सख्ख्या भावाच्या मयताला छाती फुटत होती, पण डोळ्यातून टिपूस येईना. भावजय सगळ्यांदेखत बोलली, "हिचं काळीजच दगडाचं." त्या दिवशी मंदाकिनीला वाटलं, स्वतःचेच डोळे बोटांनी फोडून टाकावेत.

सरकारी दवाखान्यातल्या देवश्री डॉक्टरणीनं शेवटी दुखणं पकडलं. "मावशी, शरीराची फौज शत्रूशी लढायला असते. तुमची फौज तुमच्याच लाळेच्या अन् आसवांच्या ग्रंथींवर तुटून पडली आहे. मुळापासून बरं नाही होणार, पण सांभाळता येईल. अन् यात तुमचा काही दोष नाही, बरं का." मंदाकिनीनं घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला. पद्मिनी भाजी चिरता चिरता म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याले वाळवलं, त्याचंच हे फळ." मंदाकिनीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि जीभ टाळूलाच राहिली.

मग एक दिवस कपाटातून पद्मिनीच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या. चावी कोणाजवळ? मंदाकिनीजवळ. झालं! कृष्णा-पद्मिनीचा मुलगा सचिन, तिशीचा दांडगा पोट्टा, अभनपूरकडे प्लॉटची दलाली करायचा आणि गालात सदा गुटखा. तो अंगणात उभा राहून ओरडला, "घर में ही चोर है!" नाव नाही घेतलं, पण साऱ्या गल्लीला कळलं. ज्या बाईनं आयुष्यात परक्याची सुई उचलली नाही, तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बाकी काय राहिलं होतं तिच्यापाशी? नवरा नाही, लेकरू नाही. एक नाव तेवढं होतं.

पद्मिनीनं झाडफूक करणाऱ्या दयाराम बैगाला बोलावलं. भर दुपारी अंगणात मंतरलेल्या तांदळाची थाळी मांडली. रीत जुनी आहे. प्रत्येकानं मूठभर कच्चे तांदूळ चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडचं पाणी पळतं, म्हणून त्याचे तांदूळ कोरडे पडतात.

"वहिनीले तर बिमारी आहे," कृष्णा पुटपुटला.

तेव्हाच मंदाकिनीनं हो म्हणावं की नाही? नाही! तिची आई एकदा असेच तांदूळ चावून निर्दोष सुटली होती आणि मरेपर्यंत ताठ मानेनं जगली होती. मंदाकिनीचा त्या तांदळांवर डॉक्टरणीपेक्षा जास्त विश्वास. "आणा इकडे!" ती कडाडली. "खऱ्याले देव पाणी देते!"

तिनं मूठ तोंडात कोंबली. दाणे उघड्या हिरड्यांत काट्यांसारखे रुतले. पीठ घशात उडालं, ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तिनं चिंच आठवली, लिंबाचं लोणचं आठवलं, मेलेल्या नवऱ्याची शपथ घातली. देवाला म्हणाली, एकच थेंब दे रे मेल्या, एकच! पानावर पडलं ते पांढरंफटक कोरडं पीठ.

"देखा? देखा?" सचिननं तिचा अंबाडा धरला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. "चोट्टी! बोल, कहाँ बेची?" एक थप्पड, दुसरी थप्पड. ती पडली तर कमरेत लाथ घातली, चाव्यांचा जुडगा लुगड्यासकट फाडून काढला. कृष्णा मध्ये आला, तर त्यालाही ढकलून तुळशीपाशी पाडलं. दारात गल्ली जमली होती, पण एकानं पाऊल पुढे टाकलं नाही, नामर्द मेले! मंदाकिनीच्या गळ्यात सगळी उत्तरं तयार होती. जीभच हलेना.

"बोलत काहून नाही आता?" पद्मिनी म्हणाली. "इतके वर्षं तर लय बोलून राहिल्या होत्या."

सचिननं पुन्हा लाथ हाणली, ती जबड्यावर बसली. दात तुटला, ओठ फाटला, आणि तोंड भरून आलं. कोमट, खारट, ओलं. कितीक वर्षांत तिची जीभ अशी मोकळी झाली नव्हती.

ती हातापायांवर सरकत थाळीपर्यंत गेली. मूठ भरली. रक्तातच तांदूळ चावले, कराकरा चावले, आणि दयारामच्या पायाशी पानावर लगदा थुंकला.

"पाह्य गा बैगा. ओले हायेत का कोरडे?"

दयारामनं वाकून लगदा बोटानं चाचपला. "हव दाई," तो म्हणाला, "गिल्ला हे."

"मंग मी चोर नाही. रीत तुमचीच आहे." तिनं थाळी सचिनपुढे लोटली. "आता तू खाय."

सचिननं हात पुढे केला. तेवढ्यात पद्मिनी धावली आणि तिनं लाथेनं थाळी उडवली. अंगणभर तांदूळ सांडले.

"माहा पोट्टा नाही खाणार!"

कृष्णा तुळशीला धरून उठला. "काहून?"

पद्मिनी सचिनला पाठीशी घालून उभी राहिली. सचिन जमिनीकडे पाहत होता. मंदाकिनीच्या डोक्यात आता उजेड पडला, आणि सगळ्या लाथांपेक्षा तोच जास्त लागला. "तुले ठाऊक होतं, पद्मिनी. पाटल्या यानं इकल्या, हे ठाऊक होतं. माहं तोंड वाळलेलं आहे, हेही ठाऊक होतं. म्हणूनच बैगा आणला तू."

"मंग काय करू?" पद्मिनी रडत किंचाळली. "एकुलता एक पोट्टा आहे माहा! तुमचं काय जाते, बाई? चोर ठरल्या असत्या, तरी तुमच्यामांगं आहे कोण?"

मंदाकिनीचा हुंदका दाटला, पण डोळे कोरडेच राहिले. कृष्णानं खांद्यावरचा गमछा तिच्या तोंडाला लावला.

"मी आहो," तो म्हणाला. "चला वहिनी."

आणि पोटच्या पोराचं नाव लिहून द्यायला तो तिला घेऊन ठाण्याकडे निघाला.