हजार गाठींचा पट्टा

धाग्याचं टोक ओठांवर ओलं करायचं, दोन बोटांत पिळायचं आणि एका दमात सुईत ओवायचं. मग टाका संपला की कापड उलटं करून अंगठ्यानं गाठ चाचपायची आणि म्हणायचं, "गाठ दिसाले नको, सुटाले बी नको." नव्या आलेल्या प्रत्येक बाईला मावशींनी हे वाक्य ऐकवलेलं असे. मलाही ऐकवलं होतं. माझं काम संगणकावर भरतकामाची डिझाइनं करायचं, सुईशी माझा संबंध बटण लावण्यापुरता, हे सांगूनसुद्धा.

आमचं भरतकामाचं खातं, म्हणजे कारखाना, सुरतेत उधन्याकडे. खाली यंत्रं, वर हातकाम. वरचा मजला मावशींचा. त्या खानदेशातल्या, लग्न होऊन सुरतेला आलेल्या, नवरा फार पूर्वी गेलेला. शेठशी गुजराती, माझ्याशी मराठी आणि चिडल्या की सगळ्यांशी अहिराणी. मी बीडची. पहिले काही महिने त्या रागावल्या आहेत की लाड करताहेत, हे मला कळत नसे. पुढे लक्षात आलं, बहुतेक वेळा दोन्ही एकदमच चाललेलं असायचं.

एकदा मुंबईच्या एका पार्टीकडून वेगळीच ऑर्डर आली. युद्धावरचा सिनेमा होता. त्यासाठी जपानी आरमाराच्या पायदळाचे कपडे हवे होते. हिरवट खाकी गणवेश, टोपीवर आणि शिरस्त्राणाच्या कापडावर जहाजाच्या नांगराचं चिन्ह, गोळ्यांसाठी जाड कापडी पट्टे, पायाला गुंडाळायच्या पट्ट्या. नांगर मला काढायचा होता, म्हणून मी वाचायला बसले. ही मुळात जहाजावरची माणसं. किनाऱ्यावर उतरून लढण्यासाठी त्यांच्या वेगळ्या तुकड्या झाल्या. युद्धाच्या सुरुवातीला त्यांनी बेटांमागून बेटं घेतली. नंतर त्यांनाच त्या बेटांच्या राखणीला बसवलं. रसद तुटली, जहाजं येईनाशी झाली आणि कितीतरी तुकड्या तिथेच संपल्या.

यादीत एक वस्तू अशी होती की शेठला काही उमगेना. कमरेला बांधायचा पांढरा सुती पट्टा आणि त्यावर लाल धाग्याच्या हजार गाठी. मी समजावून सांगितलं. मुलगा लढाईवर निघाला की त्याची आई किंवा बहीण हा पट्टा घेऊन रस्त्यावर उभी राहायची. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईनं एक गाठ मारायची. हजार बायकांच्या गाठी झाल्या की तो पट्टा मुलाच्या पोटाला बांधायचा, म्हणजे गोळी लागत नाही, अशी समजूत.

"मशीन छे ने, बेन!" शेठ म्हणाला. खरं होतं. मी डिझाइन केलं आणि यंत्रानं चहा निवायच्या आत पट्टा काढून दिला. गाठी सगळ्या जुळ्या बहिणींसारख्या. पण पार्टीला एक पट्टा हाताचा हवा होता, कॅमेऱ्याजवळ दिसणारा.

मावशींच्या हाताखालच्या बायकांनी तो आरामात केला असता. मावशी म्हणाल्या, "नई. ज्याची रीत त्याची रीत. हजार बाया म्हणजे हजार बाया."

आणि त्या खरंच निघाल्या. कामावर येता-जाता, भाजीच्या गाडीवर, नळावर, दवाखान्याच्या रांगेत. संध्याकाळी कधीकधी मीही बरोबर असे. बायकांनी आधी हसून घेतलं, मग हात पुसून सुई घेतली. मराठी बायका, ओडिया बायका, उत्तर प्रदेशाकडच्या बायका. जपानी पंचांगातल्या वाघाच्या वर्षात जन्मलेल्या बाईनं वयाइतक्या गाठी मारल्या तरी चालतात, असं मी सांगितलं तेव्हा एक सून पटकन म्हणाली, "मंग मन्ही सासू एकलीच पुरं करी टाकी!" आतून सासूचा आवाज आला आणि आम्ही पळ काढला.

या गाठी कापडावर उठून दिसायला हव्यात, हे मात्र मावशींना पटवून देताना माझी दमछाक झाली. जन्मभर लपवलेली गाठ दाखवायची कशी?

त्यांच्या स्वतःच्या गल्लीत एक दार असं होतं की तिथं त्या थांबत नसत. पाऊल न थांबवता पुढे जात. का ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मावशींचा मुलगा यंत्रमागावर कामाला होता. चहाच्या टपरीवर काहीतरी फालतू वाद झाला आणि त्यानं त्या घरातल्या मुलाला लोखंडी सळईनं मारलं. मुलाचा उजवा हात कायमचा गेला. मावशींचा मुलगा तुरुंगात होता. मावशी त्याला एकदाही भेटायला गेल्या नव्हत्या. कुणी विचारलं तर म्हणत, "माले पोऱ्या नई."

पट्टा जवळपास भरत आला असताना एका बाईनं सुई हातात घेऊन मला सहज विचारलं, "चांगले होते का ओ हे शिपाई?"

मी वाचलेलं सांगितलं. आपल्या अंदमानातसुद्धा जपानी आरमाराची माणसं होती. हेरगिरीच्या नुसत्या संशयावरून तिथल्या लोकांचे हाल केले, जीव घेतले. इतर बेटांवर कैद्यांना मारलं. बाईनं सुई खाली ठेवली. मावशींनी पट्टा गुंडाळला आणि पिशवीत घातला.

त्यानंतर पट्टा कपाटात पडून राहिला. शेठ रोज विचारायचा, मावशी "होईल" म्हणायच्या. एका दुपारी जेवणाचा डबा न उघडताच त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"त्यासन्या मायसले माहीत व्हतं का, पोरं तिकडे काय करतात ते?"

"नसेल," मी म्हटलं. "पत्रात कोण लिहील?"

"आन् कळतं तं? गाठी सोडी टाकत्यात का?"

त्यांनी माझ्या पडद्यावरच्या नांगराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सांजले माझ्यासंगं चल."

त्या संध्याकाळी त्या त्याच दारापाशी थांबल्या. त्यांनी कडी वाजवली. दार त्या मुलाच्या आईनं उघडलं. आत मुलगा खाटेवर बसून डाव्या हातानं जेवत होता. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

मावशींनी पट्टा पुढे केला. "एक गाठ पाहिजे व्हती."

"कोनासाठे?"

मावशींनी काहीच लपवलं नाही. लढाईवर गेलेल्या पोरासाठी आई हे करते. तो पोरगा चांगला नव्हता, त्यानं लोकांना मारलं. तरी त्याची आई दारोदार फिरली होती.

त्या बाईनं पट्टा हातात घेतला. लाल गाठींवरून बोटं फिरवली. मला वाटलं, आता सुई मागेल. ती म्हणाली, "वरीस व्हयनं. चार दारं सोडीसन ऱ्हास तू. एकदा बी उनी नई. आन् आज उनी ती हाई लिसन?"

"कोनतं तोंड लिसन येऊ, बहीण?" मावशी म्हणाल्या. सगळ्यांवर रागावणाऱ्या मावशींना मी पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

मग त्या बाईनं पट्टा मावशींच्या मांडीवर ठेवला. "मी नई टाकसू गाठ." आणि उठता उठता म्हणाली, "बठ. च्या ठेवस."

चहा आम्ही प्यालो. निघताना उंबऱ्यात तिनं विचारलं, "पोऱ्याले भेटनी का?"

मावशींनी मान हलवली, नाही म्हणून.

"जाय. माय शेस तू त्यानी."

दुसऱ्या दिवसापासून मावशी पुन्हा गाठी गोळा करायला लागल्या. सगळ्या भरल्या, गाठीसाठी आखलेला एक ठिपका सोडून. मी म्हटलं, मी मारते. "नको. ती जागा तिची शे." पट्टा तसाच मुंबईला गेला. कुणाच्या लक्षात आलं नसावं. तक्रार आली नाही. तो सिनेमा झाला की नाही, तेही मला माहीत नाही.

त्या आठवड्यात मावशींनी एक दिवसाची रजा मागितली. माझ्या आठवणीतली त्यांची पहिली. परत आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बारीक व्हई ग्या."

पुढे शिक्षा संपून मुलगा सुटला, पण त्या गल्लीत त्यानं कसं राहायचं? मावशींचा भाऊ बारडोलीला साखर कारखान्यात होता. त्यानं भाच्याला आधीच तिकडे बोलावून घेतलं आणि पाठोपाठ मावशींनी खातं सोडलं.

सामान फार नव्हतं. एक कपाट, एक शिलाई यंत्र, भांड्यांची पोती. सगळी गल्ली बाहेर आली होती, ते एक दार सोडून. मावशी टेम्पोत चालकाशेजारी बसल्या. गाडी सुरू झाली तेव्हा ते दार उघडलं. ती बाई भराभर चालत आली, खिडकीतून मावशींच्या मांडीवर एक स्टीलचा डबा ठेवला, "वाटमां खाय" म्हणाली आणि मागे न बघता घरात गेली.

मावशींनी आम्हाला हात केला नाही. दोन्ही हातांनी त्यांनी तो डबा धरला होता. टेम्पो मोठ्या रस्त्याला वळेपर्यंत मी बघत होते. डबा त्यांनी खाली ठेवला नव्हता.